लाइटकर्व्ह परीक्षण: ताऱ्यांचे फ्लेअर अनेक तरंगलांब्यांत पाहणाऱ्यांसाठी

टेस या नासाच्या ग्रहशोधक अवकाश दुर्बिणीच्या नोंदींमधून ताऱ्यांचे फ्लेअर, म्हणजे ताऱ्यावर अचानक उसळणारे प्रकाशस्फोट, शोधायचे म्हटलं की बहुतेक जण आधी लाइटकर्व्हकडेच वळतात. पायथनमधलं हे पॅकेज मोफत आहे, कोड खुला आहे, आणि चार-पाच ओळींत एखाद्या ताऱ्याचा सुमारे २७ दिवसांचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, पडद्यावर येतो. पण ते घडलं केप्लर ही आधीची अवकाश दुर्बीण आणि टेस यांच्या ग्रहशोधाच्या कामातून. ताऱ्यासमोरून ग्रह जाताना प्रकाशात पडणारी बारीक खोच टिपायची, आणि तिच्या आड येणारं बाकी सगळं गुळगुळीत करून टाकायचं, ही त्याची मूळ शिस्त. फ्लेअर शोधणाऱ्याला मात्र नेमकी वर उसळणारी, वेडीवाकडी टोकं हवी असतात. म्हणून निकाल आधीच सांगतो: फ्लेअरच्या कामाला लाइटकर्व्ह जरूर घ्या, यापेक्षा सोयीचं साधन सध्या नाही. पण त्यातली एकही डिफॉल्ट सेटिंग न तपासता पुढे जाऊ नका. आणि शेजारी क्ष-किरण किंवा अतिनील नोंदी ठेवायच्या असतील, तर घड्याळं तुम्हालाच जुळवावी लागतील.

एका तरंगलांबीवर का भागत नाही, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण प्रॉक्झिमा सेंटॉरी या आपल्या सर्वांत जवळच्या लाल बटू ताऱ्याचं. १ मे २०१९ रोजी तिच्यावर झालेला फ्लेअर हबल, अल्मा (मिलिमीटर लहरींची दुर्बीण) आणि टेस या तिन्हींनी एकाच वेळी टिपला. दूरच्या अतिनील प्रकाशात तारा काही सेकंदांत सुमारे १४,००० पट उजळला आणि मिलिमीटर लहरींत हजार पटींहून अधिक. टेसच्या नोंदीत मात्र ही उसळी जेमतेम एक टक्क्याच्या घरात होती. याचं कारण सरळ आहे. टेस पाहते ६०० ते १००० नॅनोमीटर, म्हणजे लाल आणि जवळचा अवरक्त पट्टा. लाल बटू तारा शांत असतानाही तिथेच सर्वांत जास्त चमकतो, तर फ्लेअरचा तप्त प्रकाश निळ्या-अतिनीलकडे झुकलेला असतो. त्यामुळे टेसमध्ये लहान दिसलेला फ्लेअर खरोखर लहान आहे असं समजणं धोक्याचं.

आता पॅकेजकडे. शोध सोपा आहे: सर्च-लाइटकर्व्ह या फंक्शनला टीआयसी (टेसच्या तारा-सूचीतला) क्रमांक द्यायचा, ऑथर म्हणून एसपीओसी (टेसचं अधिकृत प्रक्रिया केंद्र) आणि एक्सपटाइम, म्हणजे एका नोंदीचे सेकंद, म्हणून २० लिहायचं. हे दोन्ही न लिहिता शोधलं तर क्यूएलपी, टेस-एसपीओसी आणि इतर गटांनी तयार केलेले वक्र एकाच यादीत येतात. त्यांतले बरेच फुल-फ्रेम (कॅमेऱ्याच्या संपूर्ण चौकटीच्या) चित्रांवरून काढलेले असतात, म्हणजे मोहिमेच्या टप्प्याप्रमाणे ३० मिनिटं, १० मिनिटं किंवा २०० सेकंदांच्या अंतराचे. त्या यादीवर घाईने डाउनलोड केलं की हाती काय आलं हे कळायला वेळ लागतो, आणि पाच मिनिटांचा फ्लेअर ३० मिनिटांच्या एका बिंदूत विरघळून गेलेला असतो.

२० सेकंदांच्या नोंदी जुलै २०२० पासून, म्हणजे पहिल्या विस्तारित मोहिमेपासून मिळतात. त्याआधीची कमाल बारकाई २ मिनिटांची. या दोन नोंदींत फरक फक्त बारकाईचा आहे असं वाटू शकतं, पण तसं नाही. २ मिनिटांच्या नोंदीत यानावरच वैश्विक किरण, म्हणजे डिटेक्टरवर आदळणारे अवकाशातले वेगवान कण, गाळले जातात. प्रत्येक पिक्सेलसाठी २ सेकंदांच्या १० नोंदी घेऊन त्यांतली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान टाकून दिली जाते आणि उरलेल्या ८ची बेरीज होते. फ्लेअर चढत असताना सर्वांत मोठी नोंद वैश्विक किरणाची नसते, ताऱ्याचीच असते, आणि तीही जाते. परिणामी टोकदार फ्लेअरचं शिखर किंचित छाटलं जातं. ही छाटणी परत भरून काढता येत नाही, कारण ती माहिती पृथ्वीवर आलेलीच नसते. २० सेकंदांच्या नोंदीत यानावर ही गाळणी नाही; वैश्विक किरण नंतर जमिनीवरच्या प्रक्रियेत हाताळले जातात. ज्या ताऱ्याच्या दोन्ही नोंदी आहेत त्याची २० सेकंदांचीच घ्या. शिखराची उंची आणि चढाईचा वेळ मोजायचा असेल तर याला पर्यायच नाही.

लाइटकर्व्हमध्ये फ्लेअरचं सर्वांत जास्त नुकसान करतं ते फ्लॅटन हे फंक्शन. ताऱ्याच्या फिरण्यामुळे डागांचा जो संथ चढउतार दिसतो तो काढून टाकणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी ते सॅवित्स्की-गोले फिल्टर वापरतं. डिफॉल्ट विंडो, म्हणजे फिल्टर एका वेळी पाहतो तो वक्राचा तुकडा, १०१ बिंदूंची. २ मिनिटांच्या नोंदीवर ही विंडो होते ३ तास २२ मिनिटांची. तेच २० सेकंदांच्या नोंदीवर चालवलं की ती उरते ३३ मिनिटं ४० सेकंदांची. एम प्रकारच्या (लाल बटू) ताऱ्यावरचा मोठा फ्लेअर ओसरायला तास-दोन तास सहज लागतात, म्हणजे विंडो फ्लेअरपेक्षाच अरुंद झाली. फंक्शन कल, म्हणजे तो संथ चढउतार, काढताना तीन फेऱ्या करतं आणि दर फेरीत ३ सिग्माबाहेरचे बिंदू बाजूला ठेवतं (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, बिंदूंच्या विखुरण्याचं माप). त्यामुळे शिखर बहुधा वाचतं. पण शिखरानंतरचा लांब उतार ३ सिग्माच्या आतबाहेर रेंगाळतो आणि तोच कलात ओढला जातो. आलेख दिसायला अगदी स्वच्छ दिसतो, मात्र फ्लेअरच्या ऊर्जेचा मोठा वाटा गायब झालेला असतो आणि फ्लेअरच्या दोन्ही अंगांना खोटी दरी तयार होते. अशी दरी दिसली की विंडो अपुरी आहे हे पक्कं समजा.

यावर उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत रुंद विंडो घ्या: २० सेकंदांच्या नोंदीला २१६१ बिंदू, २ मिनिटांच्या नोंदीला ३६१, म्हणजे दोन्हीकडे साधारण १२ तास. संख्या विषम हवी. या सपाट केलेल्या वक्रावर फ्लेअरच्या जागा शोधा. दुसऱ्या फेरीत मूळ वक्रावरच त्या जागा मास्क करा, म्हणजे झाका, शिखराआधी दहा मिनिटं आणि शिखरानंतर दोन तास इतक्या, आणि तो मास्क फ्लॅटनला द्या. मास्कमध्ये ट्रू असलेले बिंदू कल काढताना वापरले जात नाहीत, पण भागाकार त्यांच्यावरही होतो, म्हणजे फ्लेअर जसाच्या तसा उरतो. तारा एका दिवसाहून कमी वेळात फिरत असेल तर १२ तासांची विंडो त्याच्या चढउताराच्या मागे पळू शकत नाही. तिथे विंडो ४ ते ६ तासांवर आणा आणि मास्क न चुकता वापरा.

याच फंक्शनमध्ये ब्रेक टॉलरन्स नावाची आणखी एक सेटिंग आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. डिफॉल्ट आकडा ५. याचा अर्थ, दोन बिंदूंमधलं अंतर नेहमीच्या अंतराच्या पाचपटीहून वाढलं की वक्र तिथे तोडायचा आणि प्रत्येक तुकडा वेगळा सपाट करायचा. २० सेकंदांच्या नोंदीत पाचपट म्हणजे फक्त १०० सेकंद. यानाची चाकं सावरताना किंवा खराब फ्लॅगचे (सदोष अशी खूण असलेले) बिंदू काढताना एवढी फट पडतेच. आणि तुकडा विंडोपेक्षा लहान निघाला तर फंक्शन फिल्टर न लावता त्या तुकड्याचं नुसतं मध्यक वापरतं. मग ताऱ्याच्या फिरण्याचा चढ त्या तुकड्यात तसाच राहतो, आणि फ्लेअर शोधणारा कोड त्या चढाच्या टोकाला फ्लेअर म्हणून मोजतो. २० सेकंदांच्या नोंदीला ब्रेक टॉलरन्स ५४० ठेवा. मग ३ तासांपर्यंतच्या फटींवर वक्र तुटत नाही.

रिमूव्ह-आउटलायर्स वापरूच नका. डिफॉल्टमध्ये ते वरचे आणि खालचे दोन्हीकडचे ५ सिग्माबाहेरचे बिंदू काढतं, म्हणजे नेमके फ्लेअर. वापरायचंच असेल तर सिग्मा-अपर अनंत ठेवा आणि फक्त खालचे बिंदू गाळा.

क्वालिटी फ्लॅगच्या बाबतीतही सावध राहा. ५१२ हा फ्लॅग अचानक उसळलेल्या बिंदूंसाठी आहे आणि तो खऱ्या फ्लेअरच्या शिखरावर बसलेला सापडतो. अनेक तयार कोडांत तो खराब बिंदूंच्या यादीत घातलेला असतो. वक्र उतरवताना क्वालिटी बिटमास्क (कोणते फ्लॅग गाळायचे ती सेटिंग) नन ठेवून सगळे बिंदू आणा आणि गाळणी स्वतः करा: यानाची दिशा ढळली, सेफ मोड, चाकांचं सावरणं यांचे बिंदू काढा, ५१२चे ठेवा. त्याच सेटिंगचा हार्ड हा पर्याय फ्लेअरसाठी नको; तो चांगले बिंदूही काढतो हे त्याच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे.

लाइटकर्व्हची खरी ताकद दिसते ती पिक्सेल पाहताना. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये दोन-तीन तारे सहज मावतात. फ्लेअर तुमच्या ताऱ्यावर झाला की शेजारच्यावर, हे प्रकाशवक्रावरून कळत नाही. त्यासाठी टार्गेट पिक्सेल फाइल उतरवा, शिखराच्या वेळच्या चित्रातून त्याआधीच्या काही चित्रांची सरासरी वजा करा, आणि उरलेला उजेड कुठे पडतो ते पाहा. फ्लेअर खरा असेल तर उजेड ताऱ्याच्या नेहमीच्या आकारातच पसरलेला दिसतो. एकाच पिक्सेलमध्ये एकाच कॅडन्सला (एकाच नोंदीत) टोक आलं तर तो वैश्विक किरण. उजेड पिक्सेलमागून पिक्सेल सरकत गेला तर तो लघुग्रह. त्याचा वक्र दोन्ही बाजूंनी सारखा असतो, फ्लेअरसारखा झटकन चढून सावकाश उतरत नाही. सगळी चौकट एकदम उजळली तर तो पृथ्वी किंवा चंद्राचा विखुरलेला प्रकाश. इंटरॅक्ट या सोयीने हे काम माऊसने होतं आणि ते फार सुबक जमवलं आहे. शेजारच्या ताऱ्यांचा वाटा फाइलच्या हेडरमध्ये क्राउडसॅप या नावाने असतो. पीडीसीसॅप फ्लक्समध्ये (दोष काढून दुरुस्त केलेल्या उजेडात) त्याची दुरुस्ती झालेली असते, सॅप फ्लक्समध्ये (पिक्सेलांच्या साध्या बेरजेत) नाही. म्हणून एकाच फ्लेअरची टक्केवारी या दोन स्तंभांत वेगवेगळी येते, आणि दोन अभ्यासांची तुलना करताना कोणता स्तंभ वापरला ते आधी पाहावं लागतं.

फ्लेअर मोजण्यासाठी लाइटकर्व्हमध्ये स्वतःचं काही नाही. अल्ताईपोनी हे पॅकेज त्यावर बसवता येतं आणि चांगलं चालतं. ३ सिग्मावरचे सलग ३ बिंदू ही त्याची मूळ अट २ मिनिटांच्या नोंदीत ६ मिनिटांखालचे फ्लेअर गाळते, आणि २० सेकंदांच्या नोंदीत मात्र एक मिनिटाचेही पकडते. दोन्हीकडचे आकडे एकत्र मांडू नका. कृत्रिम फ्लेअर घालून ते परत किती सापडतात हे तपासण्याची त्यातली सोय न वापरता काढलेला फ्लेअरचा दर विश्वासाचा नसतो.

ऊर्जा काढताना दोन ठिकाणी गडबड होते. पहिली साधी: सापेक्ष उजेडाखालचं क्षेत्रफळ म्हणजे इक्विव्हॅलंट ड्युरेशन हे सेकंदांत हवं, पण लाइटकर्व्हचा वेळ दिवसांत असतो. ८६,४०० ने गुणायचं राहिलं की ऊर्जा जवळजवळ पाच दशमान घरांनी चुकते. दुसरी गडबड खोलवरची आहे. टेसच्या पट्ट्यातली ऊर्जा एकूण ऊर्जेत बदलताना फ्लेअर ९,००० केल्व्हिनची कृष्णिका, म्हणजे फक्त तापमानानुसार प्रकाश देणारी आदर्श वस्तू, मानण्याची प्रथा आहे. प्लांकच्या सूत्रानुसार ९,००० केल्व्हिनच्या कृष्णिकेची सुमारे २१ टक्के ऊर्जा ६०० ते १००० नॅनोमीटरमध्ये पडते. तापमान २०,००० केल्व्हिन धरलं तर हाच वाटा साधारण ४ टक्क्यांवर येतो. म्हणजे त्याच टेस मापावरून एकूण ऊर्जेचा अंदाज पाचपट बदलतो, आणि एकट्या टेसवरून तापमान कळण्याचा मार्ग नाही. गॅलेक्स या अतिनील अवकाश दुर्बिणीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर ९,००० केल्व्हिनचं गृहीतक अतिनील ऊर्जा कमी दाखवतं हे दिसून आलं आहे. दुसऱ्या तरंगलांबीची खरी गरज इथे आहे. ग्रहाच्या वातावरणावर काय परिणाम होईल, हा प्रश्न अतिनीलच्या आकड्याशिवाय सुटत नाही.

आता घड्याळांचा विषय. बहुतरंगी कामात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

लाइटकर्व्ह वेळ देतं ती बीटीजेडीमध्ये: सौरमालेच्या गुरुत्वमध्याशी आणलेला ज्युलियन दिवस (खगोलशास्त्रातली सलग दिवसमोजणी), त्यातून २४,५७,००० वजा, टीडीबी (गुरुत्वमध्याच्या घड्याळाच्या) मापात. क्ष-किरण दुर्बिणींच्या इव्हेंट फायलींमधली (एकेका फोटॉनच्या नोंदींमधली) वेळ साधारणपणे यानाच्या जागची असते, गुरुत्वमध्याची नाही. पृथ्वी सूर्याच्या कोणत्या बाजूला आहे त्यानुसार हा फरक अधिक-उणे ८.३ मिनिटांपर्यंत जातो. त्यात यूटीसी (नेहमीची जागतिक वेळ) आणि टीडीबी यांची सरमिसळ झाली की आणखी ६९.१८४ सेकंद. फ्लेअरचा आघाती (सुरुवातीचा, झपाट्याने उसळण्याचा) टप्पा बहुधा काही मिनिटांचाच असतो, म्हणून ही चूक किरकोळ नाही. नॉयपर्ट परिणामानुसार दृश्य-अतिनील उजेड आधी उसळतो आणि मऊ (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण त्यामागून शिखर गाठतात. क्ष-किरण वक्राचा चढण्याचा वेग दृश्य वक्रासारखा दिसतो. घड्याळं जुळवली नाहीत तर हा क्रम उलटा दिसू शकतो आणि त्यातून खोटं भौतिकशास्त्र निघतं.

काम मात्र अवघड नाही. स्विफ्ट या क्ष-किरण आणि अतिनील दुर्बिणींच्या यानाच्या फायलींना हीसॉफ्ट या नासाच्या सॉफ्टवेअरमधलं बॅरीकॉर चालवा आणि घड्याळाच्या दुरुस्तीची फाइल कॅलडीबी या कॅलिब्रेशन-साठ्यातून घ्यायला सांगा. एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीसाठी सॅस या तिच्या सॉफ्टवेअरमधलं बॅरिसेन. ते इव्हेंट फाइल जागच्या जागी बदलतं, म्हणून आधी प्रत काढा. हबलच्या वेळा यूटीसीमधल्या एमजेडी (ज्युलियन दिवसाचं सुटसुटीत रूप) असतात. त्यांना ॲस्ट्रोपाय या पायथन पॅकेजची लाइट-ट्रॅव्हल-टाइम सोय पुरते. पृथ्वीजवळच्या कक्षेतल्या यानाची जागा नेमकी न देता पृथ्वीचं केंद्र धरलं तरी चूक २३ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि २० सेकंदांच्या नोंदीपुढे ती नगण्य आहे. थोडक्यात, अचूक कक्षेच्या फायलींसाठी अडून बसू नका. गुरुत्वमध्याची दुरुस्तीच राहून गेली तर मात्र सगळं फसतं. टेसच्या सुरुवातीच्या सेक्टरांच्या (सुमारे २७ दिवसांच्या निरीक्षण-टप्प्यांच्या) वेळांत सुमारे २ सेकंदांची चूक होती, तिची नोंद डेटा रिलीज नोट्समध्ये आहे. अतिनीलशी सेकंदासेकंदाची तुलना करणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

शेजारी ठेवायला सर्वांत सोयीचा साथीदार स्विफ्ट. एकाच यानावर ०.३ ते १० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची क्ष-किरण दुर्बीण आणि अतिनील-दृश्य यूव्हीओटी. लेस्टर विद्यापीठाच्या केंद्रातून क्ष-किरण वक्र ब्राउझरमध्येच तयार होतो. बिंदू काउंट्सनुसार (मोजलेल्या फोटॉनांच्या संख्येनुसार) न पाडता वेळेनुसार पाडा, नाहीतर चढाईच्या आधीचा शांत भाग एकाच लांबट बिंदूत जातो. फोटॉन काउंटिंग मोडमध्ये सेकंदाला ०.५ काउंटच्या वर पाइल-अप सुरू होतो, म्हणजे अनेक फोटॉन एकच म्हणून मोजले जातात आणि मोठ्या फ्लेअरचं शिखर दबतं. तेव्हा मधला भाग वगळून कंकणाकृती क्षेत्र घ्यावं लागतं. यूव्हीओटीची नोंद इव्हेंट मोडमध्ये आहे की इमेज मोडमध्ये, हे सगळ्यात आधी पाहा. इमेज मोडमध्ये हजार सेकंदांच्या एक्सपोजरमधून एकच आकडा निघतो आणि दोन मिनिटांचा फ्लेअर त्यात मिसळून जातो. फिल्टर निवडताना यूव्हीएम२ पाहा. यूव्हीडब्ल्यू१ आणि यूव्हीडब्ल्यू२मधून लाल प्रकाश झिरपतो, आणि लाल बटू ताऱ्याच्या शांत पातळीत त्याचाच मोठा वाटा असतो. मग उसळी खऱ्यापेक्षा लहान भासते.

इथे जवळच्या ताऱ्यांचा एक खास सापळा आहे. प्रॉक्झिमा वर्षाला ३.८५ आर्कसेकंद सरकते. २०००च्या स्थानावर ५ आर्कसेकंदांचं वर्तुळ ठेवलं तर २०१९च्या चित्रात तारा ७० आर्कसेकंदांहून लांब असतो आणि तुम्ही रिकामं आकाश मोजत बसता. गाया या ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या यानाच्या नोंदींतली स्वगती (ताऱ्याचं आकाशातलं सरकणं) लावून त्या तारखेचं स्थान काढा.

स्विफ्टची मर्यादा कक्षेची: सुमारे ९६ मिनिटांच्या फेरीत पृथ्वी आड येते आणि फ्लेअरचा उतार अर्धवट तुटतो. सलग वक्र हवा तर एक्सएमएम-न्यूटन, जिची कक्षा जवळजवळ ४८ तासांची. तिच्यात मात्र मऊ प्रोटॉनांचे झोत येतात आणि तेही फ्लेअरसारखेच दिसतात. ताऱ्यापासून दूरच्या रिकाम्या भागातून १० ते १२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा वक्र काढा. तिथेही उसळी असेल तर ती ताऱ्याची नाही. तिच्या पीएन कॅमेऱ्यासाठी सेकंदाला ०.४ काउंट ही नेहमीची मर्यादा.

गॅलेक्स २०१३मध्ये थांबली आणि टेस २०१८मध्ये सुटली, त्यामुळे या दोघींचा एकसमयी फ्लेअर मिळणार नाही. तिच्या नोंदी संख्याशास्त्रीय तुलनेपुरत्या. रेडिओसाठी वेगळी तयारी हवी: कासा हे सॉफ्टवेअर, डायनॅमिक स्पेक्ट्रम (वेळ आणि वारंवारता दोन्हींनुसार तीव्रतेचा आलेख) आणि वर्तुळाकार ध्रुवीकरणाची मोजणी. मीटर-लहरींतल्या तीव्र, जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत स्फोटांना दृश्य प्रकाशात जोडीदार नसणं नेहमीचं आहे. टेसच्या वक्रात काही दिसलं नाही म्हणून ती नोंद टाकून देऊ नका.

तक्रारी किरकोळ आहेत. डाउनलोड मध्येच तुटलं तर कॅशमध्ये अर्धवट फाइल राहते आणि पुढच्या वेळी ती उघडताना एरर येते. एररमध्ये दिलेल्या पत्त्यावरची फाइल हाताने काढली की काम पुढे सरकतं. २० सेकंदांच्या एका सेक्टरमध्ये लाखाहून अधिक बिंदू असतात, त्यामुळे दहा-बारा सेक्टर एकदम जोडून सपाट करण्यापेक्षा सेक्टरनिहाय काम करा आणि शेवटी जोडा. स्टिच करताना ते प्रत्येक सेक्टर आपोआप नॉर्मलाइझ करतं, म्हणून मूळ फ्लक्स हवा असेल तर तो आधीच वेगळा साठवा. पॅकेजची आवृत्ती निकालाबरोबर लिहून ठेवा, कारण पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वक्राची अंतर्गत रचनाच बदलली आहे आणि जुने कोड दुसरीवर तसेच चालत नाहीत.